ओल्या माणसाचा ताप

लाखनीजवळून,
१० नोव्हेंबर १९८६

प्रिय सुशीलाबाई,

पत्राखालचं नाव आधी पाहिलं असेल आणि तरी ओळख पटली नसेल, कारण तुम्ही इथं दवाखान्यात नर्स होता तेव्हा मला पत्र लिहिता येत नव्हतं. मी धुरपता. तलावाच्या पाळीखाली आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं आहेत, त्यातलं चिंचेजवळचं घर. तुलाराम वलथरेची बायको. माझी सत्यभामा पायाळू होती, म्हाताऱ्या हात झटकून बसल्या होत्या आणि तुम्ही तिला जिवंत बाहेर काढलं. ती आता पाचवीत आहे. कुणाच्या पाठीत उसण भरली की मोहल्ल्यातली मोठमोठी माणसं तिच्यापुढं पालथी पडतात आणि ही मास्तरणीसारखी पाठीवर पाय देते. तुम्ही असता तर हसला असता. तुमचं हसणं मला अजून आठवतं, आधी खांदे हलायचे आणि मग आवाज यायचा.

तुमचा पत्ता नत्थू कोतवालानं दिला. तो आता कामावर नाही, पण ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. त्यानं सांगितलं की दरवर्षी तुमचा एक अर्ज भंडाऱ्याच्या कचेरीत येतो, तिथून गावात येतो, आणि सरपंच भैय्यालालजी त्यावर ‘नवीन काही नाही’ असं लिहून परत पाठवतात. नत्थू म्हणाला, “नऊ वर्सं झाले. बाई नोकरी नाही मांगत, काही नाही मांगत. तुलाराम कायनं मेला ते लिहून द्या, येवढंच म्हंते.” मी समजत होते की तुम्ही नगरकडं गेलात आणि हे गाव विसरलात. तुलाराम तुमच्या सुईनं मेला हा ठपका तुम्ही अजून वागवत आहात हे मला माहीत नव्हतं, असं इथं लिहिलं होतं. ते खोडलं आहे, तुम्हाला दिसेल. माहीत करून घेतलं नव्हतं, असं वाचा.

नत्थूनं हे सांगितलं त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दरवर्षी तोच अर्ज लिहायला तुम्ही बसता तेव्हा तुम्हाला राग येतो का? की राग गेला म्हणून लिहिता येतं? आमच्याकडं अन्याय झाला की दोनच तऱ्हा मी पाहिल्या. एक तर माणूस काठी उचलतो, नाही तर देवीच्या ओट्यावर डोकं टेकून घरी येतो आणि चूप बसतो. तुमची तिसरीच तऱ्हा दिसते. ती तुमच्या देवाकडून आली की तुमच्या आईकडून, हे मला कळून घ्यायचं आहे.

तुलारामनं तुम्हाला एकदा याच गोष्टीवरून छेडलं होतं. आठवतं? तुम्ही गावात नव्या होता. तुम्ही ‘मला’ म्हटलं की पाण्यावरच्या बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या, ‘मला म्हंते व माय, पुस्तकावानी बोलते.’ तुलाराम शिंगाड्याचा टोपला घेऊन दवाखान्याच्या ओसरीवर आला होता. म्हणाला, “बाई, तुमचा देव एका गालात खाते अन् दुसरा गाल पुढं करते मंते. असा देव आमच्या गावात एक दिवस टिकत नाही.” तुम्ही शिंगाडा सोलत होता. म्हणालात, “तो गप्प बसला असं तुला कोणी सांगितलं? गप्प बसला असता तर लोकांनी त्याला मारला कशाला असता?” तुलारामनं रिकामा टोपला उचलला. घरी येताना मला म्हणाला, “बाई वस्ताद हाये.” त्याच्या तोंडून याहून मोठी तारीफ मी ऐकली नाही, माझीसुद्धा.

त्याच ओसरीवर तुम्ही मला सही शिकवली. आठ-दहा बाया यायच्या, पण चिकाटीनं मी एकटीच बसले. तुमचा विचार आधी बाराखडी शिकवायचा होता. मीच हट्ट केला की आधी माझं नाव. तुम्ही हसून पाटीवर लिहून दिलं, धुरपता तुलाराम वलथरे, आणि मी ते जाळ्याच्या गाठींसारखं पाठ केलं. कुठून दोरा आत जातो, कुठून बाहेर येतो. एकेक अक्षर म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. सगळं मिळून मी आहे, एवढं ठाऊक होतं. गावातल्या ढिवरांच्या बायांत सही करणारी मी पहिली. बाकीचं वाचणं पुढं शिकू, असं तुम्ही म्हणालात. मग दिवाळीच्या आधी तुलाराम गेला.

तो दिवस तुम्ही तुमच्या बाजूनं पाहिला आहे. माझ्या बाजूनं कधी सांगितला नाही, आज सांगते. अश्विन होता, तलाव काठोकाठ. भारी धानाला शेवटचं पाणी हवं होतं आणि तलावाचं तुडूम, म्हणजे पाळीखालून पाणी शेतात सोडायचं तोंड, शेवाळानं आणि गाळानं बसलं होतं. पाणी भरलेलं असताना तुडमाची लाकडी खुंटी उपसायला आत बुडी मारावी लागते, आणि बुडी ढिवरानंच मारायची अशी इथली रीत. कुणी कधी लिहिलेली नाही, पण आहे. तुलाराम भैय्यालालजींना म्हणाला, “मालक, चार दिवस थांबा. पानी खूप हाये, खुंटी उपसली का तोंड माणसाले ओढून घेते.” भैय्यालालजी सगळ्यांसमोर म्हणाले, “ढिवर होऊन पान्याले भेतं? बांगड्या भर मंग.” लोक हसले. तुलारामनं सदरा काढून माझ्या हातात दिला. दोन बुड्या मारून वर आला. तिसऱ्या बुडीला खुंटी निघाली, पाणी खालच्या पाटात धो धो आलं आणि तो आला नाही.

त्याला काढेपर्यंत फार वेळ गेला. तुम्ही पाळीवरून पळत आलात, चप्पल वाटेत कुठं तरी राहिली होती. तुम्ही त्याला पालथा घातला, पाणी काढलं, मग उताणा करून त्याच्या तोंडाला तोंड लावून श्वास दिला. लोकांनी माना फिरवल्या. परक्या बाईनं पुरुषाच्या तोंडाला तोंड लावलेलं त्यांना बघवलं नाही, आणि मालकाच्या बोलण्यानं माणूस बुडाला ते मात्र उघड्या डोळ्यांनी बघून झालं होतं. शेवटी तुम्ही पेटीतून सुई काढून टोचली. सुई टोचली तेव्हा तो गेलेला होता. त्याचा पाय माझ्या मांडीवर होता, मला कळलं होतं. तुम्हालाही कळलं असणार. मग सुई का टोचली, हे मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारलं. आता वाटतं, मी तुमच्या तोंडाकडं बघत होते म्हणून टोचली असेल.

तिसऱ्या दिवशी नत्थू एक कागद आणि शाईची डबी घेऊन आला. म्हणाला, “मच्छीमार सोसायटीत तुलारामच्या जागी तुहं नाव लावाचं हाये. भैय्यालालजीनं सोता लिहून घेतलं.” त्याला तरी आतलं ठाऊक होतं की नाही, तो आजही सांगत नाही. माझी सासू सखाबाई, दीर, शेजारचे दोघे, सगळ्यांनी अंगठे दिले. माझा हात धरून तो डबीकडं नेऊ लागला तेव्हा मी हात ओढला. मी म्हटलं, “आंगठा काहून? मले सही येते.” सुशीलाबाई, मी विधवा होऊन तिसरा दिवस होता, डोळे सुजलेले होते, आणि सही करताना मला अभिमान वाटला. कुणाला हे सांगितलं नाही. कागदावरची एकुलती एक सही माझी. अंगठे दहा असले तरी कचेरीत लोक सही बघतात, हे तुम्हीच मला शिकवताना म्हणाला होता.

पुढं भंडाऱ्याहून चौकशीला साहेब आले आणि भैय्यालालजींच्या पडवीत सगळ्यांना बोलावलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. साहेबांनी तो कागद मोठ्यानं वाचला. तुलाराम वलथरे याला तीन दिवस ताप होता, नर्सबाईनं चुकीचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटांत मरण आलं. शिवाय बाई औषधाच्या नावाखाली लोकांना बाटवते. अर्ध्या गावानं त्याला पाण्यातून काढताना पाहिला होता. ओला माणूस तापानं मेला असं कागदावर लिहिलं होतं आणि त्याला पाण्यातून काढणारे तिथंच बसले होते. तुम्ही उभ्याच होता, कुणी बसायला सांगितलं नव्हतं. तुम्ही भैय्यालालजींकडं बघून शांतपणे म्हणालात, “मी काय चुकले ते सांगा. चुकले नसेन, तर मला का मारता?” कुणी तरी मागून बोललं, “बाई, तुले कोन मारून राहिलं? हात तरी लावला काय कोनं?” त्यावर हसू फुटलं. तुम्ही त्या हसणाऱ्यांकडं पाहिलं नाही, पुन्हा तेच विचारलं. मग साहेब माझ्याकडं वळले. कागद पुढं करून म्हणाले, ही सही तुझीच का? मी म्हटलं, “हो.”

एवढंच बोलले. सही माझीच होती, त्यामुळं ते खोटंही नव्हतं. गावात आजवर सगळे म्हणतात, बिचारी धुरपता, तिले का माहीत कागदात काय होतं. मीही तसंच म्हणत आले. सही केली तेव्हा माहीत नव्हतं, हे खरं. पण पडवीत कागद वाचून झाला होता. मला सगळं माहीत होतं आणि मग मी हो म्हटलं. सासू शेजारी बसून माझ्या मांडीला चिमटा काढत होती. घर मालकाच्या जागेत, सत्यभामा दोन वर्षांची, तलावातला शिंगाड्याचा तुकडा सोसायटीचा आणि सोसायटी मालकाच्या हातात. ही कारणं खरी आहेत. पण मी ती तुम्हाला माफीसाठी देत नाही. तुम्ही विचारलं होतं ‘का’, म्हणून देते.

तुमची बदली झाली असं आम्हाला सांगितलं, काढून टाकलं हे मागून कळलं. तुमची पेटी बैलगाडीत घालून सडकेवर नेली तेव्हा मी तलावात डोंग्यात होते. तुम्ही मला पाहिलं असेल. मी शिंगाड्याच्या वेलात हात घालून बसले होते, तोडत काही नव्हते. नव्या बाई आल्या, त्यांनी तुमच्या खोलीतला कचरा बाहेर टाकला, त्यात तुमच्या देवाचं ते निळ्या पुठ्ठ्याचं लहान पुस्तक होतं. मी उचललं. आधी नुसतं ठेवलं. मग त्यात माझ्या सहीतली अक्षरं शोधायला लागले. ध सापडला, र सापडला. पुढं सत्यभामा शाळेत गेली, तिच्या पाटीवरून बाकीची उचलली. गुळाच्या पुडीचा कागद, बियाण्याच्या पोत्यावरचं नाव, एसटीची पाटी, जे दिसेल ते वाचत सुटले. पुस्तक पुरं वाचायला मला तीन वर्षं लागली. मी तुमच्या धर्मात आले नाही, येईन असंही वाटत नाही. माझी माता पाळीवरच्या निंबाखाली आहे, ती मला पुरते. पण वाचायची सवय लागली आणि सवयीबरोबर खोड लागली, प्रश्न विचारायची.

त्यात एके ठिकाणी तुमच्या प्रभूला पुजाऱ्याच्या वाड्यावर बांधून आणलेला आहे आणि एक शिपाई त्याला तोंडात मारतो. मी श्वास धरून वाचत होते, आता हा दुसरा गाल पुढं करेल. तुलाराम असता तर त्याला हसायला आणखी एक कारण मिळालं असतं. पण तो गाल पुढं करत नाही. तो शिपायाला विचारतो. जवळपास तेच, जे तुम्ही पडवीत विचारलं. मी पुस्तक मिटून अंगणात आले आणि बराच वेळ कोंबड्यांकडं बघत बसले. म्हणजे तुम्ही ते आठवून बोलला होता? की तोंडातून आपोआप निघालं? आणि मग गाल पुढं करणं म्हणजे नेमकं काय? मला वाटतं, मार चुकवायला पळायचं नाही, उलटून मारायचं नाही, पण मारणाऱ्याला उत्तर द्यायला लावायचं. असं आहे का? चुकत असेन तर सांगा. मला सांगणारं इथं कुणी नाही.

दुसऱ्या एका जागी मी त्याहून जास्त अडकले. मरता मरता तो म्हणतो की यांना माफ कर, आपण काय करतो हे यांना कळत नाही. वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं. मग लक्षात आलं की ज्यांना कळत नव्हतं त्यांच्यासाठी तो बोलला. मला कळत होतं. त्या माफीत मी येते की नाही? आणि भैय्यालालजी? माझा माणूस त्यांच्या एका टोमण्यानं गेला. ते रस्त्यात भेटले की मी पदर सावरून बाजूला होते, लोक म्हणतात धुरपतानं मन मोठं केलं. मन मोठं नव्हतं, भेव होतं. जे झालं ते मोठ्यानं म्हटल्याशिवाय माफ करता येतं का, हे मला कळत नाही. काय माफ केलं ते तरी सांगायला हवं ना?

यंदा अश्विनात तुडूम पुन्हा बसलं. मालकांनी श्रावणला बोलावणं धाडलं. श्रावण माझ्या दिराचा मुलगा, मागच्या उन्हाळ्यात लग्न झालं त्याचं. पाळीवर तीच गर्दी, तेच मालक, फक्त केस पांढरे. श्रावण सदरा काढत होता. मी पाळीवर त्याच्या आणि पाण्याच्या मधे जाऊन उभी राहिले. धाडस वगैरे काही नव्हतं. मी म्हटलं, “मालक, तुलाराम कायनं मेला ते आधी सांगा, मंग हा उतरते.” ते म्हणाले, “धुरपता, तू बाजूले हो. डोकं फिरलं काय तुहं?” मी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा कळलं की दुसऱ्यांदा विचारणं पहिल्यापेक्षा किती जड असतं. मग सासूनं, त्या चिमटा काढणाऱ्या सखाबाईनं, खाली बसल्या बसल्या म्हटलं, “पान्यानं मेला. मी आंगठा देल्ला तो खोटा हाये.” एवढ्या मोठ्या गर्दीत म्हातारीचा आवाज किती लहान होता, पण सगळ्यांनी ऐकला. श्रावणनं सदरा घातला. पाणी चार दिवसांनी उतरल्यावर खुंटी निघाली, धान मेलं नाही. सासू बोलली त्याच दिवशी ओट्यावर नत्थूनं मला तुमच्या अर्जांचं सांगितलं.

आता हे पत्र का लिहिलं ते. गेल्या मंगळवारी मी आणि सखाबाई कारध्याचा पूल ओलांडून भंडाऱ्याला गेलो आणि कचेरीत जबाब दिला. माझा जबाब मी स्वतः लिहिला, दोन पानं, तुलाराम कशानं मेला, कुणाच्या शब्दानं उतरला, तुम्ही काय काय केलं, आणि पडवीत मी काय केलं. कारकून म्हणाला की तुम्हाला सरकारी पाकीट येईल आणि चोवीस तारखेला तुमच्या अर्जावर सुनावणी आहे. ते पाकीट हाती पडण्याआधी तुम्हाला हे माझ्याकडून कळावं, साहेबाकडून नको, म्हणून घाईनं लिहिलं. मालकांनी घर सोडायला सांगितलं आहे. श्रावणच्या पडवीत आमची तिघींची सोय झाली आहे, त्याची काळजी करू नका. माझी एकच मागणी आहे. उत्तरात ‘माफ केलं’ असं लिहून पाठवू नका. तुम्ही लिहाल हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगते. ते घरी बसून घ्यायला सोपं आहे. तुम्ही चोवीसला या. लांब आहे, वरठीच्या स्टेशनात गाडीवर मी घ्यायला येईन. कचेरीत भैय्यालालजी असतील, गावचे लोक असतील. तिथं उभ्या राहून मला विचारा, मी काय चुकले होते, धुरपता? मग मी उत्तर देईन. माफ करायचं की नाही ते त्यानंतर ठरवा.

वाट पाहणारी, तुमचीच
धुरपता तुलाराम वलथरे